आलं का गरम?

जालन्याला झालंय तरी काय? मे महिन्यात पारा ४२च्या आसपास जातो, डांबर चपलेला चिकटतं, दुपारी गांधी चमनात कुत्रंही सावली सोडून हलत नाही, आणि या गावाचा जीव खालीवर होतोय कशासाठी? गरम पाण्यासाठी! मोसंबीचा भाव राहिला बाजूला, सळईचा भाव राहिला बाजूला, वंदे भारत आपल्याकडून पुढं नांदेडला नेली त्याचा रागही निवला. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, मयतीहून परतताना रिक्षातसुद्धा विचारणा एकच. "तुमचं किती लिटरचं?"

आणि उत्तर ऐका. "दोनशे." घरात माणसं किती? तीन. त्यातलं एक पुण्याला क्लासला. उरलेल्या दोघांपैकी एकाला आंघोळीचाच कंटाळा. मग दोनशे लिटर कढत पाणी रोज गच्चीवर कोणाची वाट बघत बसतं हो? पण शंभरचं घ्यावं तर शेजारच्यांचं दोनशेचं आहे ना! शेजाऱ्यापेक्षा कमी लिटरचं घेऊन कॉलनीत तोंड दाखवायचं कसं?

बरं, आपण काही आभाळातून पडलेलो नाही. आपल्याच घरात परवापरवापर्यंत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत पऱ्हाट्या, तुराट्या, कणसाची बुरकुंडं सारायची, धुरानं डोळे पुसायचे, मग घंगाळात कढत पाणी, वर थंडाचं विसण. पहिला नंबर आजोबांचा, शेवटचा सुनेचा, आणि सुनेच्या वाट्याला येईपर्यंत बंबात उरायची ती ऊब आणि राख. पुढं बादलीत सोडायचा रॉड आला. "हात घालू नको रे!" ही आरोळी ऐकत आपल्या पिढीचं बालपण गेलं. मग भिंतीवर पांढरा गिझर आला. त्याचा लाल दिवा विझला का, हे बघायला रात्री दोनला उठणारे बाप आपण पाहिलेत. काहींचे तर आजही उठतात. गिझर काढून वर्ष झालं तरी उठतात!

आणि आता? आता गच्चीवर सोलार, आणि त्याच्या पाईपांसाठी भिंती फोडणं चाललंय. अख्ख्या नव्या जालन्यात नि जुन्या जालन्यात मिळून अशी एक गल्ली दाखवा जिथं दारापुढं फुटक्या टाइल्सचा ढीग नाही. सकाळी सातला ग्राइंडर सुरू होतो. बारशाला गेलं तरी बाळाच्या आधी बाथरूम दाखवतात. "या ना, बघून घ्या." पाहुणे चपला काढून मोरीत उभे, यजमान नळ फिरवतोय, घरातली सगळी माणसं श्वास रोखून बघतायत, आणि मग तो सुप्रसिद्ध सवाल. "आलं का गरम?"

अहो, हा सवाल या गावात अर्धाच होता! २०१२-१३च्या दुष्काळात आपण काय विचारत होतो? नुसतं "आलं का?" टँकर आला का, नळ आला का. घाणेवाडीचा तलाव, निजामाच्या काळात बांधलेला, उघडा पडला होता. ड्रम, कळश्या, पिंप, घरातलं ज्याला म्हणून बूड होतं ते सगळं रांगेत होतं. लग्नाच्या पत्रिका पुढं ढकलल्या जात होत्या. मग पैठणहून जायकवाडीचं पाणी पाईपातून आलं, आणि तरी नळाला पाळी ती पाळीच राहिली. ज्या गावानं पाण्याला "ये बाबा" म्हणून हात जोडले, ते गाव आज पाण्याला म्हणतंय, "आलास ते ठीक, पण तापून का नाही आलास?" आहे की नाही बेशरमपणा? आणि काय सुख आहे हो या बेशरमपणात!

असो. गच्चीवर चला, खरा तमाशा तिथं आहे.

आपल्याकडं बहुतेकांनी घेतलाय तो काचेच्या नळ्यांचा सोलार. दुहेरी काच, मधे पोकळी, आतल्या काचेवर काळपट लेप. ऊन आत शिरतं, बाहेर पडत नाही. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन आपणहून वरच्या टाकीत चढतं, थंड खाली उतरतं. ना पंप, ना मोटार, ना बटण. इथवर सगळं साधं. पण एक मेख आहे. थंड पाण्याची टाकी सोलारच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे, नाहीतर पाणी उतरणार कुठून? झालं! एवढं कळलं आणि गावाला उंचीचं वेड लागलं. आधीच लोखंडाचं गाव. भट्ट्या आपल्या, सळई आपली, अँगल आपला. चार फुटांत काम भागत असेल तर आपण सहा फुटांचा स्टँड करतो. मग शेजारी आठ फुटांचा. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर दहा फुटांचा करतात, वर जायला शिडी, शिडीला कठडा, कठड्याला सोनेरी रंग. टाकी आहे की बुरूज? त्यावर पुन्हा सोलारच्या टाकीतून निघणारा हवेचा उभा पाईप. तो थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहूनही वर काढावा लागतो, म्हणजे वाफ आणि हवा निघायला वाट राहते. नाही काढला तर खाली धडाधड नळ सोडल्यावर टाकी आत चेपू शकते. तर आता घराघरावर बारमाही गुढ्या उभ्या आहेत. पाडवा कधीचा, गुढ्या कधीच्या.

आणि दिशा! इथं तर हसून मुरकुंडी वळते. सोलारचं तोंड दक्षिणेला हवं. आपण पृथ्वीच्या उत्तर भागात, सूर्य वर्षाचा बराच काळ आपल्या दक्षिणेकडून जातो, विशेषतः हिवाळ्यात. म्हणून तोंड दक्षिणेला. आता ही तीच माणसं, ज्यांनी दक्षिणेचं दार म्हणून चांगला प्लॉट सोडला. दक्षिणेला पाय करून झोपत नाहीत. दक्षिणेला खिडकी होती ती विटांनी बुजवली. वास्तूवाल्याला पाच हजार देऊन पाण्याची टाकी हलवली. यमाची दिशा म्हणतात ना! तेच गृहस्थ आता मोबाइलवर होकायंत्र उघडून गच्चीवर गुडघे टेकून बसलेत आणि कारागिराला ओरडून सांगतायत, "अजून थोडं दक्षिणेला घे, अजून थोडं!" गरम पाणी यमानं दिलं तरी चालतं, दार मात्र पूर्वेलाच पाहिजे.

शिवाय गच्ची ही काय एकट्या पुरुषांची? एप्रिलात कुरडया कुठं घालायच्या? पापड, सांडगे, मिरच्या, हळद? २०२४पासून पीएम सूर्यघरच्या पाट्या चढल्या, त्या विजेच्या. त्यांनी अर्धी गच्ची खाल्ली. पाण्याच्या नळ्यांनी उरलेली. मधे जी हातभर पट्टी राहिली तिथं सावली. एका घरात तर म्हणे सासूबाईंनी सरळ सोलारच्या टाकीवर धोतर पसरून सांडगे घातले. वाळले झकास. पण दिवसभर माकडं टपलेली! आणि वानराला सांडग्याशी मतलब असतो, नळीची किंमत त्याला कोण सांगणार? एक उडी, एक नळी. या प्रकारच्या सोलारमध्ये एक नळी फुटली की टाकीतलं सगळं पाणी गच्चीवर, गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून खालच्या भाडेकरूच्या दिवाणखान्यात. भाडेकरू काय म्हणाला? "काकू, गरम आलं."

माकडाला कशाला नावं ठेवा? माणसं काय कमी आहेत? नळ्या भर दुपारच्या उन्हात रिकाम्या तापत ठेवायच्या, आणि बाराच्या ठोक्याला त्यात थंड पाणी सोडायचं. का, तर मुहूर्त बाराचा होता! काच तडकणार नाही तर काय आरती करणार? सकाळी ऊन चढायच्या आत भरा, किंवा दिवस मावळल्यावर भरा, असं कारागीर गळा फोडून सांगतो. पण नारळ फोडायला आत्याबाई बदनापूरहून येणार, त्यांची बस येणार साडेअकराला. फुटली ती नारळाबरोबर नळीही.

पण खरा राजा कोण? मिस्त्री. या वेडात कोणाचं भलं झालं असेल तर पाईप जोडणाऱ्या मिस्त्रीचं. पूर्वी त्याला निरोप धाडला की सायकलवर पाना टांगून यायचा, ओट्याशी बसून चहा प्यायचा. आता त्याला तीनदा फोन करा, चौथ्यांदा त्याचा पोऱ्या उचलतो. "उस्ताद साइट पे है." साइट! आपली मोरी आता साइट झाली. मग एके दिवशी उस्ताद येतात, खिशातून टॉर्च काढून भिंतीकडं बघतात, जुन्या जीआयच्या पाईपावर पान्यानं टकटक करतात, आणि डॉक्टरसुद्धा सांगणार नाही इतक्या गंभीरपणे सांगतात, "भाभी, ये तो अंदर से पूरा गया." भाभी हळहळतात. दादा पाकीट चाचपतात. आणि मनातून दोघांनाही काय आनंद! हेच तर ऐकायचं होतं. जुना पाईप चांगला निघाला असता तर केवढी निराशा झाली असती!

बरं, उस्ताद खोटं बोलत नाही, हेही सांगून टाकू. जीआयच्या पाईपाचं जस्त झिजलं की आत गंज धरतो, वर आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार. काळ्या दगडातून झिरपलेलं पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. असं पाणी तापवलं की त्यातला क्षार निथळून भिंतीला बसतो, थरावर थर. अर्ध्या इंची पाईप कापून बघा, पेन्सिल जाईल एवढी वाट शिल्लक. गिझरची कॉइल बाहेर काढली की वर खरबरीत पांढरी साल. गृहिणी ती कॉइल शेजारणींना दाखवते, शेजारणी तोंडावर पदर घेतात, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतले चार गिझर उघडे पडलेले असतात. प्रत्येकीला बघायचंय, आपली किती खराब.

मग तो जुना पाईप जातो कुठं? भंगारवाला नेतो. भंगार जातं एमआयडीसीतल्या भट्टीत. भट्टीतून निघते सळई. सळई पडते कोणाच्या तरी स्लॅबमध्ये, आणि त्या स्लॅबवर उभा राहतो सोलार. म्हणजे आजोबांच्या मोरीतला नळ नातवाच्या गच्चीखाली. याला पुनर्जन्म म्हणायचा नाही तर कशाला? आणि ज्या गावातून लोखंड गाड्या भरभरून बाहेर जातं, त्या गावाच्या भिंतींत काय बसतंय? प्लास्टिक! लोखंडवाल्या शेटजींच्या बंगल्यातसुद्धा. विचारलं तर म्हणतात, "धंदा वेगळा, आंघोळ वेगळी."

प्लास्टिक म्हणजे सीपीव्हीसी. पिवळसर साय-रंगाचा तो पाईप. पीव्हीसीतच क्लोरीन आणखी घातलं की हे तयार होतं, आणि साधं पीव्हीसी ६० अंशांच्या पुढं मान टाकतं तिथं हे ९० अंशांपर्यंत ताठ राहतं. गेल्या वर्षीपर्यंत आपल्याला पाईप म्हणजे पाईप एवढंच ठाऊक होतं. आज भाजीवालीसुद्धा विचारते, "सीपी टाकला का यूपी?" आणि खेड्यांना काय शिकवता? ज्या कडवंचीनं शेततळ्यांच्या जिवावर द्राक्षं उभी केली, ज्या अंबड-घनसावंगीकडं मोसंबीच्या बागा ठिबकवर पोसल्या, तिथल्या पोराला टी, एल्बो, रिड्यूसर, एंडकॅप हे बाराखडीच्या आधी येतात. पाईप रानातून घरात आला एवढंच. झाडांना थेंब थेंब आणि बाईसाहेबांना शॉवर.

आता जोडणी बघा, गंमत आहे. सफेदा नाही, सुतळी नाही, आटे पाडणं नाही. पाईपाचं टोक साफ करायचं, सोल्युशन लावायचं, पाव वळसा देत फिटिंगात बसवायचं, अर्धा मिनिट धरून ठेवायचं. झालं. पण ते नीट सुकायला काही तास द्यावे लागतात. तासन् तास? आपण? उस्ताद सांगून जातो, "कल सुबह चालू करना." त्याची मोटरसायकल वळणाआड जाते न जाते तोच घरातला कर्ता पुरुष दबक्या पावलांनी व्हॉल्व्हकडं. "थोडंसंच बघतो." थोडंसं बघितलं ते सगळ्यांनी बघितलं. स्वयंपाकघरातूनही दिसलं.

आणि काटकसरी महाभाग? त्यांचा वेगळा पंथ. "वर सगळा सीपीव्हीसी कशाला? गच्चीवरचा दोन मीटर साधा टाकू, कोणाला दिसतोय." दिसतो ना! चैत्रात त्या पाईपाच्या पोटाला झोळ पडतो, वैशाखात सांधा सुटतो. पुन्हा उस्तादचा उंबरठा. उस्ताद हसत नाही, हे त्याचं मोठेपण. बिलात हसतो. दुसरे असतात ते अतिहुशार. ते पाईप इंचभरही जागा न ठेवता सिमेंटात गाडतात. तापल्यावर पाईप वाढतो, हे त्यांना मान्यच नाही. १० मीटरचा सीपीव्हीसी पाईप ४० अंशांनी तापला की जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर लांब होतो. त्याला वळसा द्या, सैल क्लिपा द्या, तर गप्प बसेल. नाहीतर रोज पहाटे भिंतीतून टक टक. एका घरी या टकटकीवरून म्हणे राजूरच्या गणपतीला नवस बोलून झाला. पितर आहेत म्हणे भिंतीत. पितर नव्हे, पाऊण इंची आहे!

आता पहिल्या बादलीचं प्रकरण. हे सगळ्यात चविष्ट.

सोलार तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, बाथरूम तळमजल्यावर मागच्या बाजूला. पाऊण इंची पाईपात दर मीटरला पाव लिटर पाणी मावतं. वीस मीटर अंतर म्हणजे पाच लिटर. रात्रभर ते पाईपातच निवून बसलेलं. सकाळी गरम नळ सोडला की आधी येणार ते हे निवलेलं पाणी. म्हणजे आंघोळीला उभा राहिलेला माणूस कुडकुडत नळाशी हात धरून, बाहेरून बायको, "आलं का?", आतून, "नाही!", "आता?", "नाही!", "अहो, पाणी वाया घालवू नका!", "मग काय पिऊ?" ज्या घरात दुष्काळात पातेलं धुतलेलं पाणी तुळशीला आणि तांदूळ धुतलेलं म्हशीला जात होतं, त्या घरात पाच लिटर पाणी गटारात? छे छे! म्हणून नळाखाली बादली. ती पहिली बादली कुठं जाते यावर घराचं कुळशील ओळखता येतं. काही ठिकाणी मशीनमध्ये, काही ठिकाणी फरशीला, काही ठिकाणी संडासाच्या टाकीत. एका आजींनी हट्टानं त्यावरच मोगरा पोसलाय, आणि मोगरा असा फुललाय की सोलारचा पैसा फुलांतून वसूल झाला म्हणतात. घरात चार माणसं चार वेळांना उठणारी असली की पहिल्या बादल्याही चार. म्हणून आता फर्मान निघालंय, आंघोळी ओळीनं, एकामागोमाग एक, मधे खंड नको. बंबाच्या काळात तरी दुसरं काय होतं? तेवढी सून मात्र आता पहिली. पहिली बादली तीच भरते ना!

आणि मे महिना? मेची मजा तर कोणाला सांगूच नये. वरची थंड पाण्याची काळी टाकी उन्हात इतकी तापते की थंड नळाला येतं कढत, आणि गरम नळाला येते जवळजवळ वाफ. दुपारी हात धुवायला जावं तर दोन नळ. एक पोळणारा, एक भाजणारा. निवडा! पाहुण्याला साधं पाय धुवायला पाणी द्यायचं तर माठातलं ओतावं लागतं. लाखभर रुपये खर्चून घरात एक थेंब गार पाणी उरू नये, हे वैभव कोणाच्या बापजन्मी पाहिलं होतं? मग उपाय निघतात. सोलारवर ताडपत्री. टाकीवर ओली पोती. म्हणजे ज्या सूर्याला होकायंत्र लावून आमंत्रण दिलं त्याच्यासमोर आता पडदा ओढायचा. तरी नोव्हेंबरात ताडपत्री काढायला विसरून "सोलार बिघडला" म्हणून उस्तादला बोलावणारेही आहेत. उस्ताद वर जातो, ताडपत्री ओढतो, दोनशे रुपये घेतो.

या सगळ्यात सर्वांत बघण्यासारखे कोण? बाटलेले! काल विरोधक, आज प्रचारक. एक आजी होत्या, सोलारचं पाणी अंगाला लावायला तयार नाहीत. का? शिळं म्हणून! काल दुपारी तापलेलं पाणी आज सकाळी देवपूजेच्या आंघोळीला? राम राम! मुद्दा बिनतोड होता. घरात चूल वेगळी, तपेलं वेगळं, एकट्या आजींसाठी. मग एका जानेवारीत गॅस संपला, पहाटे चारी बाजूंनी धुई, आणि आजी गुपचूप बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्या त्या अर्ध्या तासानं. आता त्या दोनदा आंघोळ करतात, आणि शेजारच्या म्हातारीला सांगतात, "सूर्यनारायणानं तापवलेलं कधी शिळं होतंय का ग?" धर्मशास्त्र इतकं लवचिक असतं, हे आपल्याला आधी का नाही कोणी सांगितलं?

दुसरे ते बारमाही थंड पाण्यावाले. "आम्ही बुवा गारच! रक्त कसं सळसळतं!" म्हणत मोतीबागेत पहाटे फिरायला येणाऱ्यांना उपदेश करणारे. त्यांच्या गच्चीवर परवा नळ्या चढताना दिसल्या. विचारलं तर म्हणाले, "सुनेसाठी." चेहरा तुकतुकीत, कान लाल, अंगाला साबणाचा वास अजून ताजा. सुनेसाठी म्हणे! तिसरे हिशेबी. यांचं सगळं आकड्यांत. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते, वर्षाचे एवढे युनिट, एवढे रुपये, एवढ्या वर्षांत फिटलं. कागद खरा, गणित खरं. फक्त पूर्वी हे गृहस्थ एका बादलीत आंघोळ करायचे, आता फुकट आहे म्हणून चार बादल्या जातात, आणि त्या चार बादल्या बोअरमधून वर चढवणाऱ्या मोटारीचं वीजबिल कागदावर कुठंच नाही. विचारू नका, नाराज होतात.

आपल्यालाच वेड लागलंय असं वाटत असेल तर इंग्लंडातल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आठवा. प्रत्येक घरात असा एक भाचा हल्ली असतोच. तिकडं थंडी पडली, त्यानं घरातले जुने रेडिएटर काढून नवे बसवायला घेतले, आणि मोबाइल फिरवून दाखवतोय. भिंतीला पत्र्याचं चपटं खोकं, खालून पंधरा मिलिमीटरचा प्लास्टिकचा पाईप. सोल्युशनही लागत नाही म्हणे, नुसतं खुपसायचं. इकडं अख्खं घर मोबाइलवर वाकलेलं. पहिला प्रश्न आजोबांचा. "याला तोटी कुठंय?" तोटी नाहीच, हे पाणी घ्यायचं नसतं. बॉयलरमध्ये तापतं, खोल्याखोल्यांतून फिरतं, भिंती उबदार करून परत जातं. घरात शांतता. "म्हणजे एवढं गरम पाणी, आणि आंघोळ नाही?" नाही. "मग नवं पाणी कधी भरतात?" भरत नाहीत, वर्षानुवर्षं तेच फिरतं, फार तर अधूनमधून थोडं वरून घालतात. वर्षानुवर्षं तेच पाणी! ज्या गावानं नळाच्या पाळ्या कॅलेंडरवर मांडल्या त्या गावाला हे ऐकून घेरीच यायची बाकी. पुढं भाचा सांगतो, पाईपही खास घ्यावा लागतो, प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन आत झिरपू नये म्हणून मधे एक थर असतो. नाहीतर रेडिएटर आतून गंजतो आणि तळाशी काळा गाळ बसतो. यावर इकडची सून तोऱ्यात म्हणाली, "तुमच्याकडं काळा का? आमच्याकडं पांढरा असतो." गाळाचाही अभिमान! आणि कॉल संपल्यावर आपल्या दादांचं डोकं कुठं चाललं? "जानेवारीत हॉलमध्ये असं एक खोकं लावलं तर?" अहो, तुमचा जानेवारी केवढा, तुमचा हॉल केवढा! भोकरदन नाक्यावरचे एक जण म्हणे कोटेशनही घेऊन आले.

दिवाळीत तर कहर. नरकचतुर्दशीची पहाट, उटणं, मोती साबण, अंगणात पणत्या, आणि अख्ख्या कॉलनीचं लक्ष कशावर? आदल्या दिवशी ढग होते का! ढग असले की पाणी कोमट. कोमट पाण्यात अभ्यंग? नरकासुर मरेल का तेवढ्यात? म्हणून आधीच टाकीत विजेची कॉइल बसवून घेतलेली. म्हणजे सोलार घेतला वीज वाचवायला, आणि सोलारमध्ये गिझर बसवला सोलार वाचवायला. त्या कॉइललाही वर्षात क्षार बसतो. मग क्षार काढायचं यंत्र घ्या, त्यात मिठाची पोती ओता. पूर्वी मीठ आणायचं लोणच्याला, आता महिन्याला आंघोळीला आणतात. किराणावालाही चक्रावलाय. "काकू, एवढं मीठ? कैऱ्या लागल्या का यंदा?"

म्हणू द्या. कोणी हसो, कोणी नावं ठेवो, गाव काही थांबत नाही. आणि तुम्ही? छे, तुम्ही यातले नाहीच. तुम्ही आपले साधे, बादली-तांब्यावाले, शेजाऱ्यांच्या ग्राइंडरला कंटाळलेले. तुमच्या मोरीतली टाइल परवा आपोआप निखळली असेल. उस्तादचा नंबर मोबाइलमध्ये 'आत्या' नावानं कोणीतरी दुसऱ्यानंच टाकला असेल. आणि गच्चीवर ताडपत्रीखाली ते लांबट काय झाकून ठेवलंय, असं विचारण्याइतके आपण आगाऊ नाही. कूलर म्हणता ना? कूलर तर कूलर. पण काय हो, कूलरचं तोंड इतकं मोजून दक्षिणेला कोण करतं?